इंजिनाच्या पोटाचं दार

“दार माणसासाठी केलंय का मांजरासाठी, काय कळंना,” बाळासो फिटर पुटपुटला. डोकं आणि एक खांदा इंजिनाच्या पोटात, बाकीचा बाळासो बाहेर. शिवलीला त्याच्या पायांशीच टेकली होती, म्हणून तिला तेवढं ऐकू आलं.

इंजिन प्लायवूडचं होतं. खरं अजून ओतायचं होतं. उद्यमनगरातल्या या शेडमधून समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो, पण तिचे वडील चन्नाप्पा जहाजाचं इंजिन करायला बसले होते. जहाजाचं इंजिन ट्रॅक्टरसारखं गॅरेजात ओढून नेता येत नाही. भर समुद्रात कुरकुरलं, तर फिटरनं त्याच्या पोटात शिरूनच बोल्ट आवळायचे. म्हणून गुंडू सुतारानं आधी लाकडी इंजिन उभं केलं होतं. इथं जो अडकेल तो तिथंही अडकणार, आणि एकदा लोखंड ओतलं की दार काही रुंद होत नाही.

चन्नाप्पांचा नियम साधा होता. शेडमध्ये सगळ्यात दांडगं अंग त्यांचं, तालमीत घडलेलं. जिथं ते शिरतील तिथं कुणीही शिरेल.

“बाळासो, रस्सा जरा कमी वरपत जा,” म्हणत ते आले, चपला काढल्या आणि सरकन आत गेले. आतून पान्याची टकटक ऐकू आली. “बघा की. वळताबी येतंय. उद्या ड्रॉइंग फाउंड्रीत जाऊ द्या.”

शिवलीलाला नवल वाटलं. पाडव्याला याच दारात अप्पांचे खांदे अडकले होते, गुंडूनं पाय धरून त्यांना ओढून काढलं होतं. मग हे दार कधी वाढलं?

“गुंडूमामा, तुम्ही तासलं व्हय?”

“मी कशाला तासतोय? तुझे अप्पाच म्हणले, हात लावू नको, परत शिरून बघतो.”

तिनं टेप लावला. आडवा, उभा, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. ड्रॉइंगमध्ये होतं तेच माप. उन्हानं लाकूड आकसतं हे तिला ठाऊक होतं. पण आकसलं तर दाराचं भोक घट्ट व्हायला नको का, सैल कसं झालं? असा विचार करत तिनं वर बघितलं, तर गुंडू रंध्यातला भुसा झाडत होता, आणि रंध्यात भुसा नव्हताच. बाळासो पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

तेव्हा तिला आईची शिलाई मशीन आठवली. नीलम्मा गेले काही दिवस दुपारी अप्पांचे सदरे घेऊन बसत होती. विचारलं की म्हणायची, उसवलेत गं. ताटात भाकरी उरायची, तर घरातलं कुणीतरी आपणहून सांगायचं, उन्हाळा हाय. शिवलीला स्वतःही म्हणाली होती. दोनदा.

चन्नाप्पा बाहेर आले. उठताना त्यांनी इंजिनाला धरलं आणि धरलं नाही असं दाखवलं.

“काय गं, टेप घेऊन काय शोधतीस? झालं न्हवं दार पास?”

टेप तिच्या हातात सरसर गुंडाळला गेला.

“दार तेवढंच हाय, अप्पा. तुम्ही वाळलाय. आम्हाला सगळ्यांना दिसतंय. ड्रॉइंग राहू दे उद्या, आधी दवाखान्यात चला.”