उरलेले कान

आमच्या घरात माझा कारभार कडक आहे. बाहेरून आलं की हात धुतल्याशिवाय कुणी पाण्याच्या भांड्याला शिवायचं नाही. पाणी उकळलेलंच. मोरीची फरशी पुसून कोरडी पाहिजे, उगाच कुणी घसरून कंबर मोडून घ्यायला नको. कारखान्यातही तेच. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय मी मागाजवळ जात नाही. कापसाची धूळ एकदा छातीत शिरली की ती काही पाहुणी नव्हे, दोन दिवसांनी निघून जायला. आमचे हे म्हणतात, तू आजाराला घराचा पत्ताच लागू देणार नाहीस. म्हणू देत.

आम्ही दोघं शेजारशेजारच्या मागांवर कापड विणतो. तिथे खडखडाट एवढा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला कळत नाही. म्हणून सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, जोडीला हात. 'डबा आणला का', 'मुकादम येतोय', 'तोंड बघ त्याचं', सगळं बिनआवाजी. आमची निम्मी भांडणं तिथेच उरकतात. घरीही तीच सवय. मी बोलायला लागले की हे माझ्या तोंडाकडे बघतात. शेजारीण म्हणायची, "नवरा किती लक्ष देतो गं तुझ्याकडे." मीही नाक वर करून मिरवायचे.

मुकादमानं मागे कानात घालायचे रबरी बोळे वाटले होते. कुणी घातले नाहीत. धागा तुटला की मागाचा ठेका बदलतो, आणि ते विणणाऱ्याच्या डोळ्याआधी कानाला कळतं. "बोळे घालून आंधळं व्हायचं का?" हे म्हणाले, आणि मला ते पटलं. मला, पाणी उकळून पिणाऱ्या बाईला.

मुलीनं गेल्या वर्षी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि लांबच्या शहरात राहायला गेली. यांनी आधी कुरकुर केली, मग जावयाला स्वतः विणलेली चादर दिली. मला वाटलं, मिटलं. पण तिचा फोन आला की हे उठून जायचे. "तूच बोल," म्हणायचे. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याशी मात्र समोरासमोर बसून तासभर गप्पा.

आता तिला दिवस गेलेत. मी म्हटलं, शेवटचे दोन महिने इकडेच येऊन राहा, बाळाचंही मी बघेन. तर म्हणाली, "बाबांना मी नको असेन तर मी येत नाही, आई."

माझं डोकंच फिरलं. यांच्या हातात फोन कोंबला आणि म्हटलं, बोला तिच्याशी. तिचा आवाज मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू येत होता.

"बाबा, तुम्ही अजून माझ्यावर रागावलायत का?"

"हो, हो," हे अगदी हसतमुखानं म्हणाले.

"मी आले नाही तरच बरं, ना?"

"हो, बरं, बरं."

फोन बंद झाला. हे निवांतपणे लसूण सोलायला बसले.

मी मोरीकडे तोंड करून भांडी घासायला घेतली आणि यांचा उद्धार सुरू केला. पोटच्या पोरीला असं बोलतात का, तुमची बहीणही अशीच काळजाची कोरडी. बहिणीचं नाव काढलं की हे तडक उसळतात. आज चकार शब्द नाही. वळून बघते तर लसणाचं चाललेलंच. मी गुपचूप त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, पडद्यानं पेट घेतलाय." त्यांनी पुढची पाकळी उचलली.

मी समोर येऊन बसले. "तुम्हाला ऐकू येत नाही."

"तुझं येतं की."

"येत नाही. दिसतं."

त्यांनी ताटली खाली ठेवली. "आधी वाटलं फोनच बिघडलाय. पोरीचा आवाज त्यातून येतच नव्हता. कळलं तेव्हा घाबरलो. मुकादमानं मागावरून उठवलं तर काय करू?"

"आणि धागा तुटला तर?"

"आता डोळ्यांनीच बघतो." मग म्हणाले, "काय विचारत होती गं ती?"

मी सांगितलं. ते ओंजळीत तोंड घालून रडले. मीही रडले, लाज कसली. मग आम्ही फोन लावला, तोंड दिसेल असा. तिचा चेहरा दिसला मात्र, हे बोलतच सुटले, की मी रागावलेलो नाही, मी बहिरा झालोय. पोरगी आमच्याच घरात वाढलेली. तिनं रडं गिळलं आणि ओठ सावकाश हलवत सांगितलं, "मी येते, बाबा."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, यंत्रानं थोडा आधार होईल. बारीक, उंच आवाज आधी जातात, बायकांचे आणि पोरांचे. मग मला आत बसवलं. माझीही सुरुवात झाली होती. "उरलंय ते जपा," एवढंच बोलल्या.

मुकादमाला आम्ही जाऊन सगळं सांगितलं. त्यानं यांना मागावर ठेवलं, बोळ्यांची नवी पेटी काढून दिली. मला वाटलं होतं, आता मलाच यांच्या मागे लागावं लागणार. झालं उलटंच. रोज कारखान्याच्या दारात हे मला थांबवतात, सगळ्यांदेखत माझे केस बाजूला सारतात आणि बोळे नीट बसलेत का ते बघतात. बाकीच्या बायका हसतात. परवा मी चिडून ओठांनीच विचारलं, "स्वतःचे घातलेत का आधी?"

त्यांनी घातले होते. "माझं जायचं ते गेलं," तेही ओठांनीच म्हणाले. "बाळ पाळण्यात रडलं, तर आपल्यातल्या एकाला तरी कळायला हवं."

मी मान वळवून दुसरा कान पुढे केला.