मारिअम्मनच्या दारातला आंबिलीचा हंडा

मित्रांनो, मी पितळेचा हंडा. किती जुना, ते माझ्या तळाचे पोचेच सांगतील. कुंभकोणमच्या कारागिरांनी मला ठोकून ठोकून घडवले आणि बैलगाडीतून चेय्यार नदीकाठच्या या गावात आणले. वर्षातला बहुतेक काळ मी मारिअम्मन देवीच्या देवळामागच्या खोलीत रिकामा बसून असे. माझे काम काय ते आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढ-श्रावणात.

आडी लागला की वारा सुटतो, लग्नकार्ये थांबतात, नव्या सुना माहेरी जातात आणि सारा महिना मारिअम्मन आईचा होतो. रविवारी सकाळी माझ्या गळ्यात कडुलिंबाचे डहाळे बांधत, हळदीकुंकू लावत. मग गल्लीतल्या बायका डोक्यावर मडकी घेऊन येत. प्रत्येक मडक्यात आपापल्या घरची नाचणीची आंबील. ती माझ्यात ओतताना थट्टा चाले.

"कन्नियम्माळ, ही आंबील आहे का नाचणी धुतलेलं पाणी?"

"असू दे गं. तुझ्या पिठाच्या गोळ्याला तेवढंच पाणी हवं होतं."

पुजारी मोठ्या डावाने सगळे ढवळी, आईला नैवेद्य दाखवी आणि मग कांदा, शेवग्याच्या पाल्याची भाजी यांच्यासोबत ती आंबील वाटली जाई. नवस असेल त्याने घरची ओतायची आणि त्या एकत्र झालेल्यातली वाटीभर न्यायची, तेव्हा नवस फिटे. आपल्याच मडक्यातली आपणच प्यायली, तर ती नुसती न्याहारी. एकदा ढवळले की कुणाची कुठली, हे मलाही कळत नसे. त्याचा मला फार अभिमान होता.

ओढ्यापलीकडच्या वस्तीतली मडकी मात्र माझ्यात कधी ओतली गेली नव्हती.

पूंगोदै त्या वस्तीतली. आमच्या गल्लीतल्या एळुमलैशी तिने लग्न केले. पहिली काही वर्षे त्या घरचे मडके तिची सासू आणायची, म्हणून कुणी काही बोलले नाही. पुढे सासू वारली. त्याच उन्हाळ्यात पूंगोदैच्या लेकीच्या, तेन्मोळीच्या अंगावर आई आली. तुम्ही त्याला कांजिण्या म्हणता. फोड पापण्यांपर्यंत गेले. पूंगोदैने देवळाच्या पायरीवर डोके टेकले आणि बोलली, "आई, पोरीचे डोळे राख. आडीत मी माझ्या डोक्यावरून आंबील आणीन." मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. पोरीचे डोळे वाचले.

नवस गल्लीभर कळला. देवळाचा कारभार धर्मलिंगम पाहतो. तिला तोंडावर 'येऊ नकोस' म्हणायची त्याची छाती नव्हती. त्याने वेगळाच मार्ग काढला. शनिवारी भोंग्यावरून सांगितले गेले की यंदापासून घरची आंबील कुणी आणायची नाही. स्वच्छतेसाठी देवळाच्या अंगणातच, नव्या स्टीलच्या पातेल्यात, एकत्र शिजवली जाईल.

तरी रविवारी पूंगोदै ओलेत्याने, डोक्यावर मडके घेऊन आली. तेन्मोळी तिचा पदर धरून होती.

"काल ऐकलं नाहीस का?" धर्मलिंगम म्हणाला.

"ऐकलं, अण्णा. पण माझा नवस आधीचा आहे."

"नियम सगळ्यांना सारखा. तुला एकटीला कुणी काही म्हणतंय का?"

"नाही ना. मला एकटीला म्हणाला असतात तर बाकीच्यांची तरी मडकी आली असती."

धर्मलिंगम पातेल्याकडे वळला. कन्नियम्माळ तिच्याजवळ आली. मला वाटले, ही तरी तिची बाजू घेईल. ती हळूच म्हणाली, "कशाला गं हट्ट केलास? तुझ्यापायी आमचीही राहिली."

पूंगोदै देवळाला वळसा घालून मागच्या खोलीत आली आणि तिने आपली आंबील माझ्यात ओतली. छान आंबवलेली, दाट. पण एका मडक्याने माझा तळही पुरता झाकला नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली. बाहेर ढोल वाजले, पंगत बसली, उठली. दुसरे मडके आले नाही.

"आई, मला दे ना वाटीत," तेन्मोळी म्हणाली.

"नाही बाळा. अजून झाली नाही ती."

उन्हे उतरल्यावर लेकीला उचलून ती घरी गेली. माझ्यात ती आंबील आंबट झाली, वाळली, मुंग्या लागल्या.

त्यानंतर मला चिंचेने घासून लखलखीत केले आणि देवळाच्या दारात मांडले. शहरातून येणारे लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. धर्मलिंगम त्यांना सांगतो, "आमच्या पूर्वजांची ठेव." माझ्यात आता झेंडूच्या पाकळ्या तरंगतात. पूंगोदै समोरून जाते, हात जोडते, आत येत नाही. तेन्मोळीचे अंग जरा गरम झाले तरी ती दाराला कडुलिंब बांधते आणि रात्रभर तिच्या पापण्या चाचपत बसते. नवस अजून तिच्या माथ्यावर आहे.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी भांडी शेवटी म्हणतात, आम्हांला जपा. मला तर रोज पुसतात. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या देवळाच्या किल्ल्या तुमच्याही हाती येतील. तेव्हा कुणी बाई डोक्यावर मडके घेऊन दारात उभी राहिली, तर तिचे घर ओढ्याच्या कुठल्या काठाला आहे ते विचारू नका. तिच्या मडक्याला हात द्या. आणि आपलेही घेऊन या, कारण एकटीची आंबील आईपर्यंत पोचत नाही.