पाणी घालून जाणारी बाई

जव्हारच्या धुक्यात नलूताईंचा हात आधी दिसायचा, मग त्या. खिडकीतल्या कुंडीवर झुकलेला, तर्जनीचं पेर मातीत रुतवून निश्चल राहिलेला, निजलेल्या माणसाची नाडी पाहावी तसा. मोखाड्याच्या कचेरीतली नोकरी संपल्यावर त्या आमच्या शेजारी एकट्याच राहत, मुलगा नाशकात. मनीप्लँट, नेचे, ब्रह्मकमळ अशा कुंड्यांमुळे त्यांच्या बैठकीच्या खोलीत हिरवट, जलमग्न उजेड भरून असे. "वार बघून पाणी घालू नये, माती बघून घालावं," असं त्यांनी मला शिकवलं होतं. चैत्रात रोज तहानणारी कुंडी श्रावणाच्या दमट हवेत दिवसचे दिवस काही मागत नाही, हे त्यांचं बोट ओळखत असे.

गेल्या पावसाळ्यात पानं पिवळी पडू लागली. देठ मुळाशी मऊ होऊन कोलमडले, मातीला कुबट वास सुटला. ताईंनी मला बोलावून हळू आवाजात सांगितलं, की दुपारी एक बाई घरात येते आणि झाडांना पाणी घालून जाते. कडी लावून पाहिली, तरी येते. कुंड्यांखालच्या बशा काठोकाठ भरल्या होत्या, आणि अनवाणी, ओली पावलं स्वयंपाकघरापर्यंत उमटली होती.

दुसऱ्या दुपारी मी त्यांच्याजवळ थांबले. दार आतून बंद होतं. धुकं काचेला टेकून उभं होतं. बोलता बोलता ताई उठल्या, तांब्या भरून आणला आणि एकेका कुंडीत ओतू लागल्या. चेहरा शांत, पण त्यात माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. तांब्या रिता झाल्यावर त्या परत येऊन बसल्या आणि ओल्या फरशीकडे पाहत म्हणाल्या, "बघितलंस? येऊन गेली."

मी ताईंच्या मुलाला कळवलं. तो आला, त्याने डॉक्टरांना दाखवलं; विसरण्याचा आजार, बरा न होणारा. मग मी रोज दुपारी तिथे बसू लागले. ताई तांब्या घेऊन उठल्या की अडवत नसे. नुसती त्यांची तर्जनी मातीत टेकवत असे. क्षणभर तो हात कुणा दुसऱ्याचाच भासे, मग स्थिरावे. ओली आहे, आज नको, असं पुटपुटत त्या तांब्या खाली ठेवत. हळूहळू माती सुकली, नेच्यांना नवे कोंभ फुटले.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी विचारलं, की ती बाई हल्ली का येत नाही. तिला येऊ नको म्हणून सांगितलंय, मी म्हणाले. त्यांना हायसं वाटेल अशी माझी समजूत होती. त्या बराच वेळ दाराकडे पाहत राहिल्या.

"उगाच सांगितलंस. माझ्याकडे तेवढीच यायची."

माघात मुलगा त्यांना नाशकाला घेऊन गेला. किल्ली माझ्याकडे आहे. पाणी घालायला गेले, की दार लोटण्याआधी मी थबकते, आतली चाहूल घेते. माणूस निघून गेलं तरी त्याचं वाट पाहणं घरातून उठत नाही. काळ ते शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि मी ताईंची वाट पाहते आहे की त्या बाईची, हे मलाही सांगता येत नाही.