अठरावी कविता

"सायरा, ती म्हातारी लिहिते हां. तिच्यापुढे पोटातलं काही काढू नको," शेजारच्या खतीजाभाभी म्हणाल्या होत्या. आम्ही गच्चीवर मासळी वाळत घालत होतो. मी हसले. म्हटलं, "भाभी, कविताच लिहिते ना? पोलिसात रिपोर्ट नाही लिहीत."

हे चौसष्ट सालचं. ती म्हातारी म्हणजे मिस गिलरॉय, पंचाहत्तरीच्या, पुतण्याकडे राहायच्या. त्यांचा पुतण्या दुबईच्या खाडीतला गाळ काढण्याच्या कामावर मोठा साहेब आणि माझे शौकत त्याच ऑफिसात क्लार्क. मिसना मोतीबिंदूमुळे दिसेना. मी रत्नागिरीला इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं, म्हणून साहेबांनी विचारलं, आत्या सांगेल ते लिहून घ्याल का? वलीला कडेवर घेऊन मी रोज सकाळी जायला लागले.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव त्यांचं. मासळी साफ करणाऱ्या बायकांत त्या वाढल्या आणि त्यांच्याच बोलीत कविता करायला लागल्या. पहिलं पुस्तक एकोणीसशे अकराचं, दुसरं पहिल्या लढाईनंतरचं. त्या दुसऱ्या पुस्तकानंतर गावात त्यांना कुणी दारात उभं केलं नाही, सख्ख्या बहिणीनंसुद्धा. "बायका काम करताना जे बोलत, ते मी छापलं," मिस म्हणाल्या. "नावं घातली नव्हती. तरी सगळ्यांनी ओळखलं."

मला त्यांची कणव आली. नुसती कणवच आली.

एकदा वलीला जरा कणकण होती. मी सारखी त्याचं कपाळ चाचपत होते. मिसनी विचारलं, "एवढी का घाबरतेस?" आणि मी सांगून टाकलं.

वलीच्या आधी मला हाफिजा झाली होती. शौकतना मी चौदा महिने पाहिलं नव्हतं, त्यांनी तर मुलीला कधीच नाही. बोटीच्या आदल्या दिवशी मुंबईत तिला ताप चढला. मी कुणाला बोलले नाही. बंदरावर डॉक्टर प्रवाशांना तपासायचा, ताप असला की बोटीत चढू देत नसे. रांगेत उभी असताना मी ओल्या रुमालानं तिचं कपाळ थंड केलं आणि बोटीत चढले. मस्कत यायच्या आधी तिला समुद्रात सोडावं लागलं. शौकतना सांगितलं, ताप बोटीतच आला.

मिसनी माझा हात धरला. "हे माझ्यापाशीच राहील," म्हणाल्या.

सतरा कविता त्यांनी माझ्याकडून लिहून घेतल्या. अठरावी पुतण्याच्या बायकोकडून. पुढच्या मार्चात एडिंबराहून छापील मासिक आलं, तेव्हा त्याच मॅडमनी ते कौतुकानं शौकतना वाचायला दिलं. "तुमच्याकडचीच आई आहे यात."

शौकतनी ते माझ्यापुढे ठेवलं. "हा रुमाल तुझाच ना?"

मला नाही म्हणता आलं नाही.

"वलीला अम्मीकडे सोडून येतो. तुझ्या हाताखाली ठेवणार नाही. खलास."

मी मिसकडे गेले. "नाव घातलेलं नाही गं," त्या म्हणाल्या.

"मग ही लिहायला मला का नाही बोलावलंत?"

त्या म्हणाल्या, "तू लिहिली नसतीस." आणि पुढे, "चाळीस वर्षांत मला इतकी चांगली जमली नव्हती."

कविता चांगलीच आहे. माझा राग जात नाही तो त्यामुळे.

पुढच्या बोटीनं शौकत वलीला घेऊन गेले, एकटे परत आले. माझ्या सासूबाईंचं, हव्वाबींचं, दर पंधरा दिवसांनी पत्र येतं: वली खैरियतीत आहे. असंच पत्र मीही मुंबईच्या बंदरावरून, बोटीत चढता चढता त्यांना टाकलं होतं, हाफिजा खैरियतीत आहे म्हणून. रुमाल तेव्हा वाळायचा होता.

तुमच्यापैकी कुणी रत्नागिरीकडे गेलात, तर कर्ल्याला मशिदीमागचं हव्वाबी मुकादमांचं घर विचारा. चहा देतील, घ्या. निघताना वलीच्या कपाळाला हात लावून बघा. थंड लागलं, तरी मानेला, केसांखालीही लावून बघा. आणि मला कळवा.