डाव्या कोपऱ्याचे तेवीस टक्के

कबड्डीत कोण किती पाण्यात आहे ते मला विचारा, असं मी सहा वर्षं छाती पुढे काढून सांगत होतो. रेवसच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या वेताळदेव क्रीडा मंडळाचा एकही सामना मी चुकवला नाही. मैदानाच्या उजव्या कडेला टेबल टाकून बसायचं आणि वहीत लिहायचं. चढाया कोणाच्या किती, त्यात गुण किती, पकड कोणाची, कोणाच्या हातून गडी निसटला. दिवसा करंज्याच्या पलीकडे एका कंटेनर यार्डात कारकुनी, संध्याकाळी लाँचने रेवसला परत, आणि जेवण झालं की वही लॅपटॉपवर चढवायची. माझी बायको किशोरी म्हणायची, "पोरीचा वाढदिवस विचारला तर तुम्ही चाचपडाल, पण भावेशच्या पकडी झोपेत विचारल्या तरी सांगाल." ती टोमणा मारायची आणि मला ते कौतुक वाटायचं.

भावेश म्हणजे आमचा डावा कोपरा. कोळीवाड्यात माझ्या घरापासून चार दारं सोडून राहतो. वडील नाहीत. आई तुळशीकाकी सुकी मासळी विकते, हा मामाच्या होडीवर खलाशी. बोलायला मुखदुर्बळ. होडी किनाऱ्याला लागली की हा जाळी उतरवून थेट मैदानात, अंगाला मासळीचा वास तसाच. गावात त्याला कोणी फारसं विचारायचं नाही. पण छातीवर मंडळाचं नाव असलेली बनियन घातली की तो दोन इंच उंच दिसायचा. ती बनियन हेच त्याचं सगळं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही.

आता माझ्या वहीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पकड होते तेव्हा चढाई करणाऱ्यावर पाच-सहा जण एकदम पडतात. धुरळा उडतो आणि टेबलावरून नुसत्या पाठी दिसतात. पहिला हात कोणाचा ते कसं कळणार? पहिल्या वर्षी दोघा-तिघांनी माझ्याशी वाद घातला, तेव्हा आमचे अध्यक्ष गुणाजीभाऊ म्हणाले, "उगाच भांडान नको. जो शड्डू ठोकून उठंल, त्याचा नाव टाक." सोपं होतं. मी तसंच लिहीत गेलो. पुढे मी ती सोय आहे हे विसरलो आणि तिच्यावर टक्केवारी काढायला लागलो.

यंदा खाडीच्या दोन्ही काठच्या गावांची सागरी लीग सुरू झाली. आठ संघ. हंगामाआधी प्रत्येक संघाला एका खेळाडूची अदलाबदल करता येणार होती, एकदाच. करंज्याच्या संघाचे मालक धर्माशेठ, बर्फाचा कारखाना आहे त्यांचा. त्यांच्याकडे गणराज नावाचा चढाईपटू होता आणि बचावाला माणूस नव्हता. आमच्याकडे उलटं. धर्माशेठ म्हणाले, गणराज घ्या, कोणीही एक बचाववाला द्या.

देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. मी भिंतीवर पडदा लावून आकडे दाखवले. आमचा मधला गडी स्वप्निल, पकडीचं यश अठ्ठावन्न टक्के. उजवा कोपरा एक्कावन्न. आणि डावा कोपरा, भावेश, तेवीस. शंभर वेळा धरायला जातो, सत्त्याहत्तर वेळा गडी सुटतो. "भावेश मेहनती आहे," मी म्हणालो, "पण मेहनतीचा गुण मिळत नाही." लोक हसले. मला ते वाक्य फार आवडलं होतं, सकाळी लाँचवर दोनदा मनात म्हणून बघितलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भावेशला द्यायचा निर्णय पाच मिनिटांत झाला. वर मी आणखी एक शहाणपणा केला. धर्माशेठनी सहज विचारलं, तुमची ती आकड्यांची शीट बघायला मिळेल का, आणि मी कौतुकाने सगळी पाठवून दिली.

भावेश दुसऱ्या दिवशी दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"दादा, माझा आकडा किती?"

मी सांगितला.

"शंभरात?"

"शंभरात."

त्याने उंबऱ्यावरची वाळू पायाने बाजूला सारली. मग म्हणाला, "मना वाटाचा, जास्ती असंल." आणि गेला. मी किशोरीला म्हटलं, बघ, किती समजूतदारपणे घेतलं. किशोरी उठून आत गेली.

गणराज आला. पोरगा तयारीचा होता. पहिल्याच दिवशी सरावाला मांडीवर तेल चोळता चोळता म्हणाला, "तुमी त्या डाव्या कोपऱ्याला घालवला क? बरा जाला. गेल्या साली त्यानी माझा घोटा सुजवलेला." मी मनात म्हटलं, ह्याला कोणी धरलं ते ह्याला तरी काय कळणार, पडलेल्या माणसाला. माझा मूर्खपणा किती पक्का होता बघा.

हंगाम सुरू झाला आणि आमचा बचाव फाटला. गणराज गुण आणत होता, पण पलीकडचे त्याच्या दुप्पट नेत होते. अठ्ठावन्न टक्केवाल्या स्वप्निलच्या हातून गडी साबणासारखे निसटायला लागले. मी दर सामन्यानंतर नवी कारणं काढायचो. मैदान ओलं होतं, पंच पलीकडचा होता, स्वप्निलचा गुडघा दुखतोय. लागोपाठ पाच सामने हरलो तरी आपली वहीच चुकली असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

करंज्याला भावेश बाकावर होता. धर्माशेठनी शीट छापून प्रशिक्षकाला दिली होती म्हणे. तेवीस टक्क्यांच्या माणसाला कोण उतरवणार?

डिसेंबरच्या एका रविवारी, दुपारी, तुळशीकाकी आमच्याकडे आली. हाताला मासळीचा वास, पदराने घाम पुसत ओट्यावर बसली.

"अनंता, तो जेवत नाय रं. होरीवर जातो, येतो, भितीकरं तोंड करून निजतो. तू त्याला काय तरी बरा सांग. तुझा तो आयकंल. दोन चांगलं शब्द सांग, खोटं असलं तरी चालंल."

मला रागच आला. "काकी, मी आकड्यांत खोटं बोलत नाही."

"मंग खरा काय असंल ता बग," ती म्हणाली. "कायतरी असंलच ना."

ती गेल्यावर चिडूनच मी बसलो. बघू तरी, कुठे काही चांगलं सापडतं का. वहीत काही नव्हतं. मग आठवलं, मागच्या वर्षी गावातल्या राहुलने सामने मोबाइलवर घेतले होते आणि ते नेटवर टाकले होते. तो आमच्या डाव्या कोपऱ्याच्या मागे, बांधावर चढून उभा राहायचा आणि मध्यंतरानंतर बाजू बदलली की तोही बदलायचा. मी एक सामना लावला. पहिली पकड. थांबवली, मागे नेली, हळू चालवली.

घोट्यावर भावेशचे हात.

वरून स्वप्निल आणि बाकीचे पडले, ढीग झाला, शिट्टी वाजली. स्वप्निल सगळ्यांच्या वर होता, त्यामुळे पहिला उठला आणि त्याने शड्डू ठोकला. माझ्या वहीत त्या मिनिटाला लिहिलंय: पकड, स्वप्निल. भावेश सगळ्यात खाली होता. तो उठला, तोंडातली माती थुंकला, तोवर पुढची चढाई सुरू झाली होती. कोणासाठी शड्डू ठोकणार होता तो?

दुसरी पकड. भावेश. चौथी, पाचवी. भावेश. आणि पकड फसायची तेव्हा? तेव्हा कोणी अंगावर पडायचंच नाही, गडी निसटून जायचा आणि मैदानात एकटा भावेश पालथा दिसायचा. ते मला टेबलावरून लख्ख दिसायचं. ते मी प्रत्येक वेळी त्याच्या नावावर बरोबर लिहिलं. त्याचं अपयश सगळं त्याचं आणि त्याचं यश दुसऱ्याचं, अशी वही मी सहा वर्षं, सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

अकरा सामने होते. संध्याकाळपर्यंत सगळे बघितले. त्यात भावेश शहाऐंशी वेळा धरायला गेला होता. त्यातल्या चौपन्न वेळा त्याने धरलेला गडी सुटला नव्हता. त्रेसष्ट टक्के. मला रडू आलं. लाज वाटून आलं, दया येऊन नाही.

दिवेलागणीला गुणाजीभाऊंकडे गेलो. त्यांनी मोबाइल हातात घेऊन तीन-चार पकडी बघितल्या. चष्मा काढला.

"बरोबर हाय तुझा. पन आता काय? अदलाबदल येकदाच. नियम हाय."

"निदान गावात तरी सांगू. मंडळाच्या फळ्यावर लावतो."

"आनि स्वप्निल? त्याला एका कंपनीनी आपल्या संघासाठी नोकरीवर घेतला, तो तुझ्याच शीटवर ना? त्याची नोकरी घालवतंस?" त्यांनी मोबाइल परत दिला. "एक पोरगा गेला. दुसरा कशाला?"

मी फळ्याचा विचार सोडला. खरं सांगायचं तर स्वप्निलचाही काय दोष? तो पहिला उठायचा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी यार्डातून अर्धी रजा टाकून करंज्याला धर्माशेठकडे गेलो. ते बर्फाच्या लाद्या मोजून घेत उभे होते. मी व्हिडिओ दाखवला, नवी टक्केवारी सांगितली. ते ऐकून गालात हसले.

"आठ दिसांपूर्वी पाचवी मॅच हरलात ना तुमी? आनि आता तेवीसचं त्रेसष्ट जालं? अनंतराव, आमी बर्फ विकतो, पन डोक्यात नाय भरलेला. माल परत पायजे तर सरल बोला."

"परत नको. त्याला फक्त उतरवा."

"उतरवला की परवा. पाच मिनटं." त्यांनी हात झटकला. "गडी त्याच्या अंगावरून गेला. हा नुसता बघत रायला."

भावेश नुसता बघत राहिला? घोटा समोर आल्यावर?

रेवसला उतरलो तेव्हा भावेश धक्क्याच्या कडेला जाळं सांधत बसला होता. मी त्याच्या शेजारी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. वहीची रीत, टेबलावरून दिसणाऱ्या नुसत्या पाठी, ढिगाखाली दबलेला तो. मी चुकलो, सहा वर्षं चुकलो, असं स्पष्ट म्हणालो. आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती, त्याची मागितली. मग मोबाइल त्याच्या हातात दिला.

त्याने दोन पकडी बघितल्या. स्वतःचे हात बघितले. तिसरीला म्हणाला, "धरलाय खरा. पन पाडला त्यांनी."

"अरे, तू धरला नसतास तर ते पडले कोणावर असते?"

"नाय दादा. मी रोज इचार केला. मनापन आधी वाटाचा, मीच धरतो. मंग तू आकडा सांगितलास. तवा कललां, मी नुसता खाली असाचो." तो सुई जाळ्यातून काढत शांतपणे बोलत होता. "परवा गडी माझ्याकरंच आला. पाय हा असा, समोर. पयले हात आपोआप जाचा. परवा आधी डोक्यात आला, तेवीस. तवर तो गेलेला."

"तो आकडा खोटा होता, भावेश. त्रेसष्ट आहेत तुझे. मी मोजले."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"आई आलेली ना तुझ्याकरं?"

नाही म्हणालो असतो तर तो घरी जाऊन विचारणार होता, आणि तुळशीकाकीला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. आणि मी तरी आणखी किती खोटं त्याच्या नावावर लिहू?

"आली होती," मी म्हणालो. "पण त्यासाठी नाही..."

"र्‍हावदे दादा," तो म्हणाला, अगदी मायेने, मीच लहान असल्यासारखा. "तू चांगला हायस म्हनून आलास."

त्याने मोबाइल माझ्या हातात ठेवला. ओल्या हातांचं पाणी राहू नये म्हणून आधी तो बनियनला पुसला. मग जाळं खांद्यावर घेऊन मामाच्या होडीकडे चालायला लागला, आणि मी मागून त्रेसष्ट, त्रेसष्ट असं ओरडत राहिलो, तरी त्याने मागे वळून बघितलं नाही.