आईच्या खोलीतलं कर्ण्याचं झाड

दुसऱ्यांच्या तोंडाचे ठसे हाताळणं हाच जिचा रोजचा धंदा, तिला किळस येणं सोपं नव्हतं. धाकटी कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून ठसे यायचे. कुणाच्या ठशात भाजीचा तुकडा अडकलेला, कुणाच्यात रक्ताचा ओघळ. ते धुवायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणावर एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. भुकटी नाकातोंडात जायची. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच टेबलाची एक कड पुसून डबा उघडायची. बरोबरची माणसं म्हणायची, "हिला मेलीला कशाचंच काही वाटत नाही."

वाटलं, ते सख्ख्या भावाच्या घरी वाटलं.

दादा विमा कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी करायला जायचा. जळलेलं दुकान, ठेचलेली गाडी, पाण्यात भिजलेलं गोदाम बघून, झालंय ते फारसं नुकसान नाहीच, हे समोरच्याला शांतपणे पटवून देण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर कुणीतरी ओळखीच्याने त्याला परमुलखातल्या एका झाडाची बोटभर काडी आणून दिली, आणि दादाच्या आयुष्याला पुन्हा उद्योग मिळाला. मोठमोठी लुसलुशीत पानं, आणि कर्ण्यासारखी हातभर लांब फुलं, खाली तोंड करून लोंबणारी. झाड उबदार देशातलं. इकडे हिवाळ्यात अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय धरायची. तेवढा गारठा एकदा लागला की त्याची पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून लोळायची. म्हणून उन्हाळाभर झाड अंगणात आणि थंडी पडली की घरात. आधी ते डब्यात होतं, मग बादलीत, मग अर्ध्या कापलेल्या पिंपात. पिंपाला दादाने चाकं लावली. झाडाला तो 'राणीसाहेब' म्हणायचा. वहिनीला त्याने असं कधी काही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

बाहेरच्या खोलीत राणीसाहेबांना ऊन पुरेना. घरात मोठी खिडकी आणि हीटर एकाच खोलीत होता, आणि ती खोली आईची होती.

"आईलाही सोबत होईल," दादा फोनवर म्हणाला. धाकटी हसली आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेली. मधे बरेच दिवस तिचं जाणं झालं नाही. गेली तेव्हा वहिनीने नाकाला ओढणी गुंडाळूनच दार उघडलं.

"सर्दी झाली का?"

"नाही हो वन्सं. सवय झालीय."

आईच्या खोलीत पाऊल टाकलं आणि धाकटीचा पाय फरशीला चिकटला. उचलला तर चर्र आवाज. दुसरा टाकला, पुन्हा चर्र. खोलीत ओलसर, आंबूस वास कोंडला होता. खिडकी दिसतच नव्हती, तिथे झाड होतं, पार छताला टेकून वाकलेलं. आईची खाट उन्हातून काढून कपाटाला लावली होती, आणि खाटेच्या डोक्याशी एक जुनी काळी छत्री उघडून सुतळीने बांधली होती. छत्रीखाली आई.

"हे काय आहे?"

"चिकटा पडतो ना वरून," वहिनी म्हणाली. "म्हणून यांनी छत्री बांधून दिली."

झाडामागून दादाचा आवाज आला, "काही नाही गं, रस आहे. झाडाचा रस."

त्याच्या मांडीवर कोमट पाण्याचं भांडं होतं. कापसाच्या बोळ्याने तो एकेक पान पुसत होता; आधी वरून, मग तळहातावर उताणं घेऊन खालून, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तसं. धाकटीने डोक्यावरची एक फांदी खाली ओढली. पांढऱ्या माशांचा एक लोट तिच्या तोंडावर उडाला. पानाच्या शिरांवर पिठ्या ढेकणांचे कापसासारखे पुंजके बसले होते, ते सावकाश हलत होते.

"दादा, हा रस नाही. ही किड्यांची शी आहे."

"तसं म्हटलं तर हो," दादा म्हणाला. "पण त्यात साखरच असते."

आई छत्रीखालून हसली. "बैस ना. कधीची वाट बघतेय."

धाकटी बसली नाही. तिने आईचे केस सोडायला घेतले. फणी आत गेली आणि तिथेच अडकली. केसांची नुसती दोरी झाली होती, आणि तिच्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरली होती. भांगातून एक पिठ्या ढेकूण चालला होता. धाकटीने तो नखावर चिरडला. आतून नारिंगी पाणी आलं. आईची नखं बघितली तर वाढून आत वळलेली. आणि पलीकडे तिचा लेक एका पानाच्या टोकावरचा डाग निघावा म्हणून बोळ्यावर फुंकर मारत होता.

"हात धू हं," तो म्हणाला. "डोळ्याला लावू नकोस. विषारी असतं ते, मुळापासून फुलापर्यंत."

"आणि आई याच्याखाली झोपते?"

"आई कुठे पानं खातेय?"

धाकटीने अडकलेली फणी केसांतून ओढून काढली. "ऐक. हे आत्ताच्या आत्ता इथून बाहेर काढ. नाहीतर मी आईला घेऊन जाते."

दादाने झाडाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग आईकडे. जळलेल्या दुकानातून फिरताना तो असाच बघत असणार.

"ने की," तो म्हणाला. "थोडे दिवस. कळ्या धरल्यात आता. हलवलं तर सगळ्या गळून जातील. आईला हलवायला काही हरकत नाही."

दुष्टपणाने म्हणाला असता तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते. पण तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव होता. आईची पिशवी भरायला तोच पुढे झाला.

घरी आणल्यावर धाकटीने आईला न्हाऊ घातलं. पाणी काळं गेलं, मग तपकिरी, मग गढूळ. काही केसांच्या गाठी सुटल्याच नाहीत, त्या कापाव्या लागल्या. अंग पुसून झाल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "कळ्या टिकतील ना गं त्याच्या?"

धाकटी एकटी राहायची, दोन लहानशा खोल्यांत, आणि आईला सांभाळणं काही सुखाचं नव्हतं. सकाळी बेसिनमध्ये आईच्या खाकरण्याचा ऐवज असायचा. आई कवळी काढून हाताला लागेल त्या पेल्यात ठेवायची, आणि तो नेमका धाकटीचा निघायचा. जन्मभर लोकांच्या कवळ्या हातात घेतलेली ती, आईची कवळी आपल्या पेल्यात तरंगताना बघून तोंड फिरवायची. मग स्वतःचाच राग यायचा. दादाचा फोन आला की आई कानाला घट्ट लावून ऐकायची आणि मग बातमी द्यायची, "अजून एक कळी दिसतेय म्हणे."

थंडी संपत आली तेव्हा झाड फुललं. दादाने शेजारीपाजारी, कंपनीतले जुने सोबती, कोपऱ्यावरचा औषधवाला, सगळ्यांना संध्याकाळी बोलावलं. आईने हट्टच धरला, म्हणून धाकटी तिला घेऊन गेली.

दारातच वास आला. गोड, जड, आणि इतका दाट की तोंडात चव उतरावी. आईच्या खोलीत माणसं दाटीने उभी होती, हातात चहाचे कप, बिस्किटं. झाडावर फिकट केशरी कर्णे लोंबत होते, शंभरावर तरी असतील. पायाखाली वर्तमानपत्रं अंथरली होती, ती सगळ्यांच्या बुटांना चिकटून येत होती, आणि ती झटकत झटकत लोक "वा वा" म्हणत होते. एकाच्या चहात पांढरी माशी पडली. त्याने ती बोटाने काढून पँटला पुसली आणि चहा पिऊन टाकला.

"हे आईच्या खोलीत फुललं," दादा भरल्या गळ्याने सांगत होता. "आईचाच आशीर्वाद."

लोकांनी आईला वाट करून दिली. आईने खोलीभर नजर फिरवली. "माझी खाट कुठे रे?"

"इथेच आहे की." दादाने पायाने दाखवलं. पिंपाखाली आईच्या खाटेच्या फळ्या होत्या, नीट मापात कापून एकमेकींवर रचलेल्या. "फरशीचा गारठा मुळांना लागतो ना. या चांगल्या जाड निघाल्या."

"काय डोकं चालवलंय!" औषधवाला म्हणाला. बाकीचे कौतुकाने हसले. आणि आईसुद्धा हसली. "लहानपणापासून असाच आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "काही वाया जाऊ द्यायचा नाही."

धाकटीला त्या क्षणी सगळ्यांचीच शिसारी आली. दादाची, त्या चहा पिणाऱ्यांची, आईच्या त्या कौतुकाने भरलेल्या तोंडाची. आणि स्वतःची, कारण एक फूल तिच्या गालाशी आलं होतं, आणि तिने नकळत त्याच्याकडे मान वळवून दुसऱ्यांदा खोल श्वास घेतला होता.

ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि कोपरापर्यंत हात घासू लागली. वहिनी कप विसळत होती.

"माझ्या पलंगापर्यंत आलंय ते, वन्सं," ती नळाच्या आवाजात बोलली. "उशीवर किडे सापडतात."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"बोलले की. म्हणाले, तूही जाऊन ये थोडे दिवस."

वहिनीला आधी हसू फुटलं; मग ते हसू तोंडावरच वाकडं झालं, आणि तिने ओल्या हाताने ओढणी वर ओढली.

थंडी पुरती गेल्यावर दादा आईला न्यायला आला. झाड अंगणात काढलं होतं. खोली धुऊन घेतली, नवी खाट आणली, सगळं त्याने रीतसर सांगितलं. आई जमिनीवर पाय पसरून शेंगा सोलत होती.

"आणि पुढच्या थंडीत?" तिने विचारलं.

दादा विचारात पडला. त्याने खोटं तरी बोलावं म्हणून धाकटी मनातल्या मनात त्याच्या विनवण्या करत होती. पण पाहणी करणाऱ्या माणसाने खोटं लिहायचं नसतं.

"तोवर आणखी वाढेल ते," तो म्हणाला.

"मग खोली त्यालाच राहू दे," आई म्हणाली. "मी इथे बरी आहे."

दादाने थोडी मनधरणी केली, तोंडदेखली. मग निवांतपणे चहा प्यायला, बिस्किट बुडवून खाल्लं, आईच्या पाया पडला आणि अंगणातल्या झाडाला पाणी घालायची वेळ झाली म्हणून निघाला. जिन्यात तो शीळ घालत उतरल्याचं दोघींनी ऐकलं.

आईने एक शेंग फोडली. "त्या पानांच्या वासाने मला पहिल्या दिवसापासून मळमळायचं," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून ओकारी गिळायची मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इतक्या प्रेमाने दाखवायचा गं तो."

दादाचा कप स्टुलावर तसाच होता, तळाशी बिस्किटाचा लगदा. धाकटीने तो दोन बोटांत धरून उचलला आणि आई आणखी काही बोलायच्या आत नळाखाली नेऊन धरला.