गुंडीवरचा पक्षी

रजनीचा हेवा करायला कुसुमला निमित्त लागत नसे. रजनीने ब्रश नुसता पाण्यात बुडवला तरी पुरे.

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बुरहानपुरात कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, दुकानदारांना नवे फलक हवे होते. तेवढ्यात इंदूरहून शिकून आलेल्या अनंत सरांनी एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर जाहिरातकलेचा वर्ग काढला. वर्गात मुली दोनच. कुसुम शाळामास्तर वामनरावांची. रजनी तुकईथडच्या केळी पिकवणाऱ्यांची, शिकायला म्हणून सख्ख्या गिरधरकाकांकडे राहिलेली. दोघींची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे जाता-येताही हेव्याला सुट्टी नव्हती.

कुसुम पट्टी, कंपास आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन बसे. रजनी पट्टीला हात लावत नसे. तिला ती लागतच नाही, हे कुसुमला खुपे.

वर्ष संपत आलं तेव्हा सरांनी शेवटचं काम दिलं : स्वतःचं चिन्ह.

"उद्या तुम्ही फलक रंगवाल, डब्यांची लेबलं कराल. कोपऱ्यातलं चिन्ह पाहून लोकांनी म्हटलं पाहिजे, हे काम हिचंच. ते चिन्ह घेऊन पत्राचा कागद, पाकीट, भेटकार्ड, सगळं एका तक्त्यावर मांडून आणा. ज्याचं सरस, त्याचं नाव इंदूरच्या चित्रशाळेला कळवीन. नाव एकच जाईल."

इंदूर! कुसुमने त्या चित्रशाळेतल्या उंच खिडक्यांबद्दल सरांकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की आपली बसायची जागाही तिने मनात ठरवली होती.

रजनीने वर्गातच वाऱ्याने फाटलेलं केळीचं पान काढलं. ब्रश एकदा टेकवला, ओढला, उचलला. झालं.

"जमलं का गं?" तिने विचारलं.

"देठ जाड झालाय," कुसुम म्हणाली.

देठ अगदी बरोबर होता.

कुसुमने घरी 'कु' वर्तुळात बसवून पाहिला, षट्कोनात बसवून पाहिला. सगळे औषधाच्या बाटलीवरचे छाप दिसायला लागले. मग एका सकाळी पाणी भरताना पितळी गुंडीच्या गळ्यावर तिचा अंगठा खरखरला. तिने गुंडी उजेडात धरली. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेला, मान वळवून मागे बघणारा एक पक्षी.

गल्लीत लग्न निघालं की घरोघरची भांडी मागून आणत. परत करताना घोळ नको म्हणून प्रत्येक घर कासाराकडून आपली खूण ठोकून घेई. कुसुमच्या घरची बाकी भांडी नवी, त्यांवर दादांचं, म्हणजे वडिलांचं, नाव होतं. जुनी गुंडी ही एकच. आपल्या मोरीतली गुंडी आपलीच, हे काय कुणाला विचारायचं?

तिने पक्ष्याचा ठिपका न् ठिपका मोजून कागदावर उतरवला. पाकिटाच्या कोपऱ्यात तो असा बसला, जणू तिथेच अंड्यातून बाहेर आला होता.

"हे जुनं आहे आणि तुझं आहे," सर म्हणाले. त्यांनी तक्ता भिंतीवर लावला. "पाठवायचं ते हेच."

रजनी तक्त्याजवळ गेली. बराच वेळ पाहत राहिली.

"कुसुम, अस्सा पक्षी माझ्या आजीच्या भांड्यांवर आहे."

कुसुमच्या जिभेवर जणू गुळाचा खडा विरघळला. जळली! एकदाची जळली!

"असेल," ती म्हणाली. "कुणाकडे काय, कुणाकडे काय असतंच."

घरी आल्याआल्या तिने आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"कोणता पक्षी? मोरीतल्या गुंडीवरचा? अगं, ती आपली कुठे? तुझ्या ताईच्या लग्नात गिरधरभाऊंकडची बदलून आली. आपली तिकडे गेली असणार. देऊ देऊ म्हणता राहूनच गेलं. पाणी काय, दोन्हींत सारखंच मावतं."

कुसुम उंबऱ्यावर बसली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण मग जन्मभर, प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यातून, रजनीच्या आजीचा पक्षी मान वळवून तिच्याकडे बघणार. आपण रंगवायचं आणि खूण रजनीच्या घरची ठोकायची! खोटेपणा तिने कदाचित सोसला असता. हे सोसवेना.

तिने गुंडी चिंचेने लख्ख घासली आणि कडेवर घेऊन गिरधरकाकांच्या दारात उभी राहिली. काकू मालूबाई बाहेर आल्या.

"अवं माय! ही तं आमची गुंडी! कवाची ढूंढून राह्यली मी! सासू जाईपर्यंत बोलत व्हती मले."

रजनी हसत सुटली. तक्त्यावरचा पक्षी याच गुंडीवरचा, हे कुसुमने तिला सांगितलं, तरी तिचं हसू मावळलं नाही.

"सरांना सांगू नकोस. तुझ्यासारखा तो आमच्याकडे कुणी काढलाच नसता. असू दे तुलाच."

कुसुमने तिच्या चेहऱ्यावर कुठे एखादी आठी शोधली. नव्हती. वर्गातही ती जळली नव्हती. आजीचा पक्षी दिसला म्हणून नुसती हरखली होती.

"मला तुझं काही नको," कुसुम म्हणाली. आवाज जरा मोठाच लागला.

मालूबाईंनी आतून दुसरी गुंडी आणली. गळ्यावर दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक ठिपका, तोही डावीकडे सरकलेला.

"ही तुमची. मोर ना पोपट, पर गळत नाही बरं."

दुसऱ्या दिवशी कुसुमने सरांना सांगितलं आणि तक्ता आपल्या हातांनी उतरवला. इंदूरचं पाकीट त्याच दिवशी जायचं होतं. त्यात रजनीचं केळीचं पान गेलं.

इंदूरला निघायच्या आधी रजनी नवी पत्र्याची ट्रंक घेऊन आली.

"नाव तूच घाल गं. माझी अक्षरं वाकडी जातात."

कुसुमला नाही म्हणता आलं असतं. तिने पट्टी लावून रेघा आखल्या. 'रजनी निंबा चौधरी, तुकईथड.' वर केळीचं पान काढलं. तीनदा रॉकेलने पुसलं. चौथ्यांदा ब्रश न थांबता गेला. देठ बरोबर आला, याचा तिला रागही आला.

मग तिने मोरीतून गुंडी आणली. ठिपका मधोमधपासून किती सरकलाय, ते कंपासने मोजलं. ट्रंकेच्या खालच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा ओढल्या आणि ठिपका तेवढाच सरकवून टेकवला.

"हे काय?" रजनीने विचारलं.

"माझं चिन्ह. रंगवलं कुणी, ते कळायला नको?"

"ठिपका सरकलाय की."

"मोजून सरकवलाय."

रजनी खाली वाकली. पानाकडे पाहिलं, मग पुन्हा कोपऱ्याकडे.

"माझ्या पानाआधी हेच दिसतं गं," ती म्हणाली.

कुसुमने कान देऊन ऐकलं, तिच्या आवाजात काही सापडतं का. नक्की सांगता येईना.

"बोट लावू नकोस," ती म्हणाली. "ओला आहे अजून."